गोपाद्रीची अक्षरे आणि निकटदर्शनाची विद्या

ग्वाल्हेर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात शिंद्यांचा दरबार, खयालगायकीचे आद्य घराणे आणि सपाट मुलखातून एकाएकी उठलेला तो प्रचंड किल्ला या तीन गोष्टी उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहाव्यात हे योग्यच आहे. परंतु या नगरीच्या आश्रयाने, आणि विशेषतः तिच्या दगडांच्या निमित्ताने, आणखी एक विद्या गेली दीडशे वर्षे वाढत आली आहे, जिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. अगदी जवळच्या आणि अगदी लहान वस्तूचे निर्दोष व स्पष्ट प्रतिबिंब मिळविण्याची ही विद्या होय. आज मिररलेस कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून एखादे नाणे, एखादा कीटक किंवा एखादे झिजलेले अक्षर टिपू पाहणाऱ्या तरुणाला आपले प्रश्न अगदी नवे वाटतात. फोकस नेमका कोठे ठेवावा, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, कॅमेरा हलू नये म्हणून काय तजवीज करावी, या विवंचना आपल्यापासूनच सुरू झाल्या असा त्याचा समज असतो. वस्तुतः याच विवंचना गोपाद्रीच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या डोंगराच्या, चढणीवर दगडासमोर बसलेल्या अनेक विद्वानांनी आणि कारागिरांनी भोगलेल्या आहेत, आणि त्यांनी काढलेली उत्तरे आजही जुनी झालेली नाहीत.

किल्ल्याच्या ईशान्येकडील चढणीने वर जाताना, गणेश दरवाजा मागे पडल्यावर आणि लक्ष्मण दरवाजा येण्यापूर्वी, डोंगराच्या अंगातच कोरून काढलेले एक लहानसे विष्णुमंदिर लागते. लोक त्यास चतुर्भुज मंदिर म्हणतात. प्रतिहार सम्राट भोजदेव याच्या अंमलात गोपगिरीचा कोट्टपाल, म्हणजे किल्लेदार, असलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. मंदिरात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा, एक लेख आहे. देवाच्या पूजेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी फुलबाग द्यावी, माळ्यांनी रोज ५० माळा पुरवाव्यात, तेल्यांनी दिव्यासाठी तेल द्यावे, असा काटेकोर तपशील त्यात नोंदविलेला आहे. एरवी अशी दानपत्रे शेकड्यांनी आहेत. परंतु या लेखातील २७० आणि ५० हे आकडे स्थानमूल्याच्या पद्धतीने कोरलेले असून त्यांत शून्याच्या जागी एक बारीक वर्तुळ काढलेले आहे. शेजारच्या अंकांहून आकाराने लहान असलेल्या या वर्तुळापुढे गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक देशोदेशींहून येऊन उभे राहतात. हे जगातील सर्वांत जुने शून्य आहे असे पुष्कळदा सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. कंबोडियात इसवी सन ६८३ चा शून्यांकित लेख सापडलेला आहे. तथापि भारतभूमीवर दगडात कोरलेल्या आणि कालनिर्देश निर्विवाद असलेल्या प्राचीन शून्यांमध्ये ग्वाल्हेरच्या या दोन वर्तुळांचे स्थान फार मोठे आहे, आणि निकटदर्शनाच्या विद्येचे महत्त्व समजावून सांगण्यास त्यांच्याइतके उत्तम उदाहरण सापडणार नाही. टाकीने कोरलेले वर्तुळ आणि दगडातला नैसर्गिक खळगा यांतला भेद ज्या प्रतिमेत दिसत नाही, ती प्रतिमा इतिहासाच्या कामाची नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा लेखाची नक्कल करण्याचा सर्वसाधारण मार्ग एकच होता. लेखासमोर बसावे, डोळ्यांनी पाहावे आणि हाताने कागदावर काढावे. जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६२ ते १८६५ या वर्षांत केलेल्या पाहणीत ग्वाल्हेरचा समावेश होता, आणि त्यांच्या अहवालांत किल्ल्याचे, मंदिरांचे व लेखांचे जे विस्तृत वर्णन आहे त्याचे ऋण पुढच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु हाताने काढलेल्या नकलेत एक मूलभूत दोष असतो, आणि तो नक्कल करणाऱ्याच्या विद्वत्तेने दूर होत नाही, उलट कित्येकदा वाढतोच. ज्याला लिपी येत नाही तो दगडावरची भेग मात्रा समजून उतरवितो. ज्याला लिपी उत्तम येते तो दगडावर नसलेली, पण असावयास हवी असे त्याला वाटते ती मात्रा उतरवितो. दोन्ही प्रसंगी कागदावर जे येते ते दगड आणि वाचक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाचे मत असते.

हा तिसरा माणूस दूर करण्याचा पहिला यशस्वी उपाय कागद आणि शाई यांनी दिला. दगड स्वच्छ धुवावा, त्यावर ओला केलेला पातळ पण चिवट कागद पसरावा, ताठ केसांच्या ब्रशाने तो ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवावा, आणि मग शाईच्या बोळ्याने वरचा पृष्ठभाग हलकेच टिपावा. म्हणजे दगडाचा सपाट भाग काळा उमटतो आणि कोरलेली अक्षरे पांढरी राहतात. या ठशात अक्षराचे माप एकास एक असते आणि दूरस्थ विद्वानाला तो टपालाने पाठविता येतो. १८७२ मध्ये मुंबईत जेम्स बर्जेस यांनी सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकाने आणि पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’ने असे ठसे छापून वाचनाबरोबर पुरावाही वाचकापुढे ठेवण्याचा पायंडा पाडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ या काळात संस्कृतचे अध्यापन केलेले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी किल्ल्यावरील सासबहू मंदिरातला महीपालाचा विक्रम संवत ११५० चा विस्तृत लेख १८८६ मध्ये संपादिला. चतुर्भुज मंदिराचे लेख हुल्ट्श यांनी प्रसिद्ध केले. आणि मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतले जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ च्या आपल्या गुप्तकालीन लेखसंग्रहात, गोप पर्वतावर सूर्यमंदिर बांधणाऱ्या मातृचेटाचा, हूण राजा मिहिरकुल याच्या पंधराव्या राज्यवर्षातला लेख घातला. फ्लीट यांच्या या संग्रहातील चित्रपत्रे ठशांवरून यांत्रिक रीतीने तयार झालेली असल्यामुळे वाचकाला संपादकाचे वाचन पडताळून पाहता आले, आणि मतभेद असल्यास तो सप्रमाण मांडता आला. शास्त्राची प्रगती म्हणतात ती याहून निराळी काही नसते.

ठशाच्या जोडीला छायाचित्र या वेळेपर्यंत हिंदुस्थानात येऊन बराच काळ लोटला होता. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. तिच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. नारायण दाजी यांचे नाव आढळते. त्यांचे ज्येष्ठ बंधू डॉ. भाऊ दाजी लाड हे कोरीव लेखांचे व्यासंगी वाचक, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांना देशभर पाठवून लेखांच्या नकला मिळविणारे चोखंदळ संग्राहक. एकाच कुटुंबात एका भावाने अक्षरांचा आणि दुसऱ्याने छायाचित्रांचा ध्यास घ्यावा, हा योगायोग त्या काळाच्या बौद्धिक वातावरणावर पुष्कळ प्रकाश टाकतो. तरीही लेखाच्या अभ्यासात छायाचित्राने ठशाची जागा लवकर घेतली नाही, आणि याचे कारण त्या काळच्या तंत्रात होते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची रीत वापरावयाची म्हणजे काचेवर कोलोडियन ओतावे, ती काच अंधारात रुप्याच्या क्षारात बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे आणि ओली असतानाच ते प्रकट करावे, असा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. कोलोडियनमध्ये ईथर असते. ते ३५ अंशांच्या आसपास उकळते, आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांना सहज गाठतो, तेव्हा ज्येष्ठ-वैशाखात किल्ल्यावर हे काम करणे जवळजवळ अशक्यच होते. त्यातही वस्तू जवळून घ्यावयाची तर आणखी एक अडचण उभी राहते, जी त्या काळी होती आणि आजही आहे. वस्तूचे प्रतिबिंब वस्तूइतकेच मोठे हवे असेल तर भाता लांबवून लेन्स काचेपासून तिच्या नाभीय अंतराच्या दुप्पट दूर न्यावी लागते; त्यामुळे काचेवर पोहोचणारा प्रकाश चतुर्थांश होतो आणि चित्र घेण्यास चौपट वेळ लागतो. उघड्या उन्हात जेथे काही सेकंद पुरत, तेथे गाभाऱ्याच्या काळोखात किती वेळ लागत असेल याची कल्पना वाचकाने करावी.

यामुळेच ग्वाल्हेरच्या छायाचित्रणाचा पहिला वैभवशाली अध्याय दूरदर्शनाचा आहे, निकटदर्शनाचा नाही. सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले आणि रुडकीला शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागलेले लाला दीनदयाळ यांनी मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर प्रवास करून घेतलेली चित्रे १८८६ च्या मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात आली, आणि ग्वाल्हेरचा किल्ला त्यात आपल्या संपूर्ण ऐश्वर्यानिशी उभा राहिला. मानमंदिराची भिंत, तेली मंदिराची उंची, सासबहूचे स्तंभ यांची ती चित्रे आजही डोळ्यांचे पारणे फेडतात. त्या चित्रांच्या तीक्ष्णतेमागे एक साधी गोष्ट होती. दीनदयाळांसारख्या छायाचित्रकाराच्या लाकडी कॅमेऱ्यात आरसा नव्हता. काळ्या कापडाखाली डोके घालून तो घोटीव काचेवरचे उलटे प्रतिबिंब पाहत असे, प्रसंगी त्यावर भिंग लावून बारकावा तपाशीत असे, आणि ज्या प्रतलावर त्याने फोकस पाहिला नेमक्या त्याच प्रतलावर पुढच्या क्षणी काच येऊन बसत असे. पाहण्याची जागा आणि चित्र उमटण्याची जागा एकच होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा विसर पडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला त्याची किंमत मोजावी लागली.

केवळ उपकरण उत्तम असून भागत नाही हा धडा ग्वाल्हेर संस्थानच्याच हद्दीत भेलशाजवळ बेसनगर येथे मिळाला. तेथील एक प्राचीन स्तंभ लोक खांब बाबा म्हणून पुजीत आणि त्यास शेंदूर फाशीत. कनिंगहॅम यांनी तो १८७७ मध्ये पाहिला, त्याचे वर्णन केले, त्याच्या काळाबद्दल तर्कही केला. पण पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराच्या जाड थराखाली लेख असेल तर तो त्यांना दिसणे शक्य नव्हते. १९०९ च्या जानेवारीत संस्थानचे अभियंता लेक यांनी शेंदूर काढविला, आणि तक्षशिलेहून यवन राजा अंतलिकित याचा वकील म्हणून राजा भागभद्राच्या दरबारी आलेल्या हेलिओदोराने देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे सांगणारी ब्राह्मी अक्षरे दोन हजार वर्षांनी उजेडात आली. कनिंगहॅमसारखा तज्ज्ञ समोर उभा असूनही जे हुकले, ते एका थराच्या निरसनाने हाती लागले. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९१३ ते १९१५ या काळात बेसनगरास उत्खनन केले, त्याच्या मुळाशी या शोधाने जागविलेले कुतूहल होते. छायाचित्र घेणाऱ्याने यातून इतके शिकावे की वस्तू आणि लेन्स यांच्यामध्ये जे काही येते, मग ते शेंदूर असो, धूळ असो, तेलकट हातांचा थर असो वा लेन्सवरचे बोट असो, ते प्रथम पाहावे आणि मग कॅमेऱ्याला दोष द्यावा.

माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकीर्दीत, १९१३ मध्ये, ग्वाल्हेर संस्थानाने स्वतःचे पुराणवस्तू खाते स्थापिले. या खात्याचे अधिपत्य दीर्घकाळ मो. ब. गर्दे यांच्याकडे होते, आणि त्यांच्या अमदानीत संस्थानातील वास्तूंची डागडुजी, लेखांची नोंद, छायाचित्रांचा संग्रह आणि वार्षिक अहवाल ही कामे एका शिस्तीने होऊ लागली. राजा मानसिंह तोमराने बांधलेल्या गुजरी महालात १९२२ मध्ये संग्रहालय सर्वांस खुले झाले. गर्दे यांनी १९३४ मध्ये संस्थानातील पुराणवस्तूंवर एक आढावा प्रसिद्ध केला, आणि बाघच्या लेण्यांवरील १९२७ च्या ग्रंथातही त्यांचे लेखन आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची अधिक महत्त्वाची कामगिरी पवाया येथील आहे. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव म्हणजे भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातली पद्मावती होय, हे त्यांनी निरनिराळ्या पुराव्यांनी प्रतिपादिले. आणि त्या पुराव्यांत माणिभद्र यक्षाच्या मूर्तीच्या बैठकीवरील लेख व नाग राजांची नाणी यांना मोठे मोल होते.

ही नाग नाणी निकटदर्शनाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावीत. तांब्याची, कित्येक तर बोटाच्या नखाहून लहान. एका बाजूला नंदी, मोर किंवा त्रिशूळ, दुसऱ्या बाजूला राजाचे नाव. आणि नाणे पाडण्याच्या साच्याहून त्याची तबकडी लहान असल्यामुळे ते नावही बहुधा अर्धेच उमटलेले. गणपतिनागाच्या नाण्यांवरचे ‘गणेंद्र’ हे नाव अनेक नाणी शेजारी ठेवून, एकावरचा आरंभ आणि दुसऱ्यावरचा शेवट जुळवूनच पुरते वाचता येते. ह. वि. त्रिवेदी यांनी पद्मावतीच्या नाग राजांच्या नाण्यांची सूची १९५७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अशा शेकडो चिमुकल्या चकत्यांचे परस्परसंबंध अभ्यासकांपुढे आले. असल्या नाण्यावर ठसा घेण्याची रीत चालत नाही. येथे छायाचित्रावाचून गत्यंतर नाही, आणि ते छायाचित्र वस्तूइतके किंवा वस्तूहून मोठे असावे लागते.

या गरजेचे उत्तर परदेशांत घडत होते, आणि मौजेची गोष्ट अशी की तेही अक्षरांच्या निमित्तानेच घडले. जपानी ग्रंथ आणि कागदपत्रे मायक्रोफिल्मवर उतरविताना चिनी लिपीतली दाट रेघांची अक्षरे साध्या लेन्सने एकमेकांत मिसळू लागली. रोमन अक्षरांना पुरणारी तीक्ष्णता त्यांना पुरेना. तेव्हा १९५६ मध्ये निकॉनने जवळच्या अंतरासाठी खास रचना केलेली मायक्रो-निक्कॉर लेन्स बाजारात आणली. पुढे कीटक, फुले, दवबिंदू यांच्या चित्रांनी मासिके भरून गेली, तरी या लेन्सच्या कुळाचा एक मूळपुरुष लिपिवाचकाच्या मेजावरच जन्मला.

परंतु लेन्स सुधारत असतानाच कॅमेऱ्यात आरसा येऊन बसला होता. एकभिंगी प्रतिबिंबदर्शी, म्हणजे एस.एल.आर., कॅमेरे १९५९ च्या निकॉन एफनंतर सर्वत्र रूढ झाले. त्यांत लेन्समधून आलेला प्रकाश आरशाने वरच्या पडद्याकडे वळविला जाई, छायाचित्रकार तेथे पाही, आणि बटण दाबताच आरसा वर उडून प्रकाश फिल्मकडे जाई. दूरच्या दृश्याला ही व्यवस्था फार सोयीची ठरली. निकटदर्शनात मात्र तिने दोन विघ्ने आणली. पडद्यापर्यंतचा मार्ग आणि फिल्मपर्यंतचा मार्ग यांत केसाएवढाही फरक असला तर डोळ्याला तीक्ष्ण दिसलेले प्रतिबिंब चित्रात मऊ उतरे. आणि आरशाच्या उडण्याने बसणारा हिसका, जो एरवी जाणवतही नाही, तो अर्ध्या किंवा चतुर्थांश सेकंदाच्या चित्रणात अक्षराच्या कडा पुसून टाकी. जाणते छायाचित्रकार आरसा आधीच वर अडकवून, थोडे थांबून, केबलने शटर सोडीत. पण मग त्यांना काहीच दिसत नसे.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने लुमिक्स जी१ हा कॅमेरा आणून लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यातून आरसा काढून टाकला. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचे तसे कॅमेरे आणले. आणि नंतरच्या दशकात इतर नामांकित कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आता प्रतिबिंब जेथे उमटते त्या सेन्सरवरूनच ते दर्शकात येते, दहापट मोठे करून पाहता येते, फोकसमध्ये आलेल्या कडा रंगाने उजळून दाखविण्याची सोय असते, आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर कॅमेऱ्यात हलणारे काहीच उरत नाही. दीनदयाळांच्या पिढीने काळ्या कापडाखाली जे साधले, पाहण्याची जागा आणि उमटण्याची जागा एक करणे, तेच पुन्हा साधले गेले. नव्या यंत्राचा गौरव करताना हा वारसा सांगितला पाहिजे, कारण तो कळला म्हणजे त्या यंत्राचा उपयोग कसा करावा हेही कळते.

तो उपयोग करू इच्छिणाऱ्याने प्रथम खोलीचा हिशेब समजून घ्यावा. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर वस्तू एकास एक प्रमाणात घेतली आणि ॲपर्चर एफ ८ ठेवले, तर स्वीकार्य तीक्ष्णतेचा पट्टा सुमारे एक मिलिमीटरचाच असतो. नाग नाण्यावरचा उठाव त्यात कसाबसा मावतो. दगडात कोरलेले आणि शतकानुशतके झिजलेले अक्षर मावत नाही. म्हणून ॲपर्चर मिटवून एफ १६ किंवा २२ करावे असा मोह होतो, पण एकास एक प्रमाणात लेन्स पुढे सरकलेली असल्याने एफ १६ हे प्रत्यक्षात एफ ३२ सारखे वागते, प्रकाशाचे विवर्तन वाढते, आणि पट्टा रुंद होतो त्याच वेळी सगळेच चित्र थोडे मऊ होते. मध्यम ॲपर्चर ठेवून फोकस थोडा थोडा पुढे सरकवीत अनेक चित्रे घ्यावीत आणि त्यांतले तीक्ष्ण अंश संगणकाने एकत्र करावेत, ही फोकस स्टॅकिंगची रीत यावरचा खरा उपाय होय. मात्र त्यापूर्वी सेन्सरचे प्रतल दगडाच्या प्रतलाशी समांतर आणले पाहिजे. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात काच आणि लेन्स वाकवून जे साधत, ते आता ट्रायपॉडचे डोके जपून फिरवून साधावे लागते. वालुकाश्मावर काम करताना फोकस अक्षराच्या कडेवरील वाळूच्या कणावर पाहावा. कण सुटा सुटा दिसला की कडा आपोआप स्पष्ट होते.

प्रकाशाचा नियम याहून महत्त्वाचा आहे. समोरून पडलेला प्रकाश अक्षराची खोली गिळून टाकतो. कॅमेऱ्यावर बसविलेल्या फ्लॅशने घेतलेले शिलालेखाचे चित्र बहुधा निकामी ठरते ते यामुळेच. नांगरलेल्या शेताच्या सऱ्या भर दुपारी दिसत नाहीत आणि तिरप्या उन्हात एकेक मोजता येतात, तसेच हे आहे. प्रकाश दगडाला जवळजवळ घासून गेला पाहिजे, आणि तोही एकाच दिशेने घेऊन थांबू नये. डावीकडून घेतलेल्या प्रकाशात उभी रेघ उठून दिसते तर आडवी मात्रा लपते, वरून घेतलेल्या प्रकाशात याच्या उलट होते. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत विकसित केलेल्या तंत्राने याच जुन्या अनुभवाला गणिताची जोड दिली. कॅमेरा स्थिर ठेवून, दिवा निरनिराळ्या दिशांना नेत अनेक चित्रे घ्यावयाची, आणि मग संगणकावर तो दिवा हवा तसा फिरवून दगड पाहावयाचा. झिजलेले लेख वाचण्यात या रीतीने जगभर मोठे साह्य केले आहे.

इतकी साधने हाती आल्यावर एक नवा धोका उभा राहतो, आणि तो जुन्याच धोक्याचे नवे रूप आहे. संगणक आज अस्पष्ट चित्र तीक्ष्ण करून देतो. काही प्रणाली तर जे चित्रात नाही ते भरूनही देतात. शोभेच्या चित्रात त्याने बिघडत नाही. परंतु चतुर्भुज मंदिराच्या लेखात भेगेचे वर्तुळ किंवा वर्तुळाची भेग झाली तर २७ हातांची बाग २७० हातांची होऊ शकते. हाताने नक्कल करणारा तो तिसरा माणूस ठशाने आणि छायाचित्राने मोठ्या कष्टाने घालविला होता; तीक्ष्णतेच्या लोभाने त्याला यंत्राच्या वेषात परत बोलावू नये. दगडासमोर जी स्पष्टता मिळाली नाही ती मेजावर निर्माण करता येत नाही, येतो तो केवळ तिचा आभास. यास्तव मूळ चित्रफाइल जशीच्या तशी राखणे, केलेले प्रत्येक संस्करण लिहून ठेवणे आणि शंका असेल तेथे पुन्हा दगडाकडे जाणे, हे निकटदर्शनाच्या विद्येचे पहिले व्रत मानले पाहिजे.

लष्करच्या, मोरारच्या आणि जुन्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून आज चांगले कॅमेरे आहेत, आणि सुटीच्या दिवशी किल्ला चढणाऱ्या तरुणांची संख्याही लहान नाही. त्यांना एवढीच विनंती करावीशी वाटते. किल्ल्यावर ट्रायपॉड नेण्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, ती रीतसर घ्यावी. अक्षर उठून दिसावे म्हणून त्यात खडू, पीठ, तेल किंवा पाणी भरू नये. तिरपा दिवा ते काम दगडाला स्पर्श न करता करतो. प्रत्येक चित्रात मापाची पट्टी ठेवावी. ठिकाण, तारीख आणि प्रकाशाची दिशा टिपून ठेवावी. आणि चित्रांची एक प्रत संग्रहालयात किंवा एखाद्या विश्वसनीय ग्रंथालयात द्यावी. वालुकाश्म दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो, आणि आज वाचता येणारी मात्रा पुढच्या पिढीला वाचता येईलच असे नाही. ती नोंदवून ठेवण्याचे साधन आपल्या हाती असताना ते केवळ फुलपाखरांपुरते राखू नये.